अंगठ्याने फिरवलेला फेजर

त्या दिवशी सकाळी माझ्या भिंगारच्या स्टुडिओत रिक्षावरून फिरवायच्या जाहिरातीचं काम होतं, एका साडीच्या दुकानाच्या सेलचं. ते साडेअकराला संपलं आणि बारा वाजायच्या आत बँजो मास्तर जिना चढून आले. बरोबर त्यांची मुलगी होती. मास्तरांच्या खांद्याला बँजोची लांबट पेटी, मुलीच्या एका हातात जेवणाचा डबा आणि दुसऱ्या हातात लग्नपत्रिकांची पिशवी. तिने एक पत्रिका माझ्या टेबलावर ठेवली आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं, "काका, लग्न माझं आहे. बँजो अप्पांचाच वाजणार. पण लग्नात अप्पा वाजवणार नाहीत. म्हणून आलोय."

वृत्तपत्राच्या डेस्कवर बावीस वर्षं काढून मग स्टुडिओ टाकलेल्या माणसाला असं वाक्य सरळ करायला वेळ लागू नये. मला लागला.

प्रकार असा होता. मास्तरांचं गाव श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या अलीकडे, कॅनॉलच्या कडेला. तीन एकर ऊस आणि बँजो पार्टी, अशी त्यांची दोन कामं. बँजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं आणि तारा असलेली फळी. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या पट्टीने तारा छेडायच्या आणि आवाज वायरीतून टेम्पोवरच्या भोंग्यांत सोडायचा. आसपासच्या पाच-सहा गावांत नवरदेव मारुतीच्या दर्शनाला जाऊन मांडवाकडे निघाला, की पुढे मास्तरांचा टेम्पो असायचा. आता लग्न स्वतःच्या मुलीचं होतं. नवरीच्या बापाने मांडवाच्या दारात फेटा बांधून, हात जोडून उभं राहायचं असतं. मास्तरांच्या थोरल्या भावाने, घरातल्या सगळ्यांच्या तात्यांनी, तसं स्पष्ट सांगितलं होतं.

"नवरीचा बाप टेम्पोत बसून वाजवणार? पाव्हनं काय म्हनतील?" मास्तरांनी तात्यांचा आवाज काढून दाखवला. "म्हनलं, मग डीजे सांगू. तर ही दोन दिवस माज्याशी बोलली न्हाई."

"एक दिवस," मुलगी म्हणाली.

"सकाळी चहा दिला न्हाई तो दिवस धरून दोन."

मुलगी श्रीरामपूरच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. तिची अट एकच होती. ती लहानपणापासून घरात बसून, वरात कुठल्या गल्लीत आली आहे ते वडिलांच्या बँजोवरून सांगत आली होती. स्वतःच्या मांडवाकडे येणारा बँजो तिला तोच हवा होता. तोडगाही तिनेच काढला होता. बँजो आधी रेकॉर्ड करायचा आणि त्या दिवशी टेम्पोवरून वाजवायचा. ढोलकी आणि ताशेवाले आपले नेहमीसारखे टेम्पोपुढे चालत वाजवतील. तात्यांनी येत्या रविवारपर्यंत मुदत दिली होती. रविवारी ऐकून पसंत पडलं तर ठीक, नाहीतर ते पलीकडच्या गावच्या डीजेला सुपारी देणार होते. हाती चार दिवस होते.

आम्ही लगेच कामाला लागलो. बँजोची वायर सरळ मशीनला जोडली. हेडफोनमध्ये ठेक्याची टिकटिक सोडली. मास्तरांनी ती मिनिटभर ऐकली आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"ह्यो कोन हाय माज्या मागं लागलेला?"

टिकटिक बंद केली. मग ते जे वाजवायला लागले ते मध्ये फक्त भिंगारच्या छावणीचे लष्करी ट्रक खालच्या रस्त्यावरून गेले तेवढ्यापुरते थांबले. तीन चाली झाल्या, एकूण चाळीस मिनिटं. पहिली मारुतीपासून निघतानाची, दुसरी गल्लीतली, तिसरी मांडवाजवळची. तिसरी त्यांची स्वतःची होती आणि तिला नाव नव्हतं. पार्टीतले लोक तिला 'शेवटची' म्हणत.

ऐकायला बसलो. आवाज स्वच्छ होता. एकही तार कुठे घसरली नव्हती. मला काम झाल्यासारखं वाटलं. मुलगी भिंतीला टेकून ऐकत होती. दोन मिनिटांनी तिने मान हलवली.

"हे अप्पांचं नाही."

"आगं, आत्ता तुज्यासमोर वाजीवलं की!"

"हात तुमचा आहे. आवाज तुमचा नाही."

मास्तरांनी थोडा वेळ बँजोची पेटी पुसली. मग कबूल करायच्या सुरात म्हणाले, "डबी न्हाई ना, सायेब."

डबीची हकिकत अशी निघाली. पार्टी सुरू केली त्या वर्षी त्यांनी पुण्यातून जुन्या बाजारातली एक छोटी लोखंडी डबी आणली होती. बँजोची वायर तिच्यातून गेली की आवाज फिरायचा. तिला एकच बटण होतं, वेगाचं. दोन वर्षांपूर्वी ती बंद पडली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने दोनदा उघडून बंद केली आणि तिसऱ्यांदा हात जोडले. तेव्हापासून मास्तर डबीशिवाय वाजवत होते. पार्टीत कुणी काही बोललं नव्हतं. "लोकांना कळलं न्हाई," मास्तर म्हणाले.

"मला पहिल्याच लग्नाला कळलं," मुलगी म्हणाली. "बोलले नाही. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मग आता का बोलतीस?"

"आता लग्न माझं आहे."

त्यांच्या वर्णनावरून डबी म्हणजे फेजर असणार हे माझ्या लक्षात आलं. फेजरचं काम सांगायला सोपं आहे. तो आवाजाची एक नक्कल करतो, तिला किंचित मागे-पुढे सरकवतो आणि मूळ आवाजात परत मिसळतो. दोन्ही आवाज काही पट्ट्यांवर एकमेकांना खोडतात. खोडण्याच्या या जागा सारख्या वर-खाली सरकत राहतात. ऐकणाऱ्याला वाटतं, आवाज गोल फिरतोय. पूर्वी त्यासाठी अशी डबी लागायची. आता तो एक प्लग-इन असतो, म्हणजे संगणकातल्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा एक छोटा प्रोग्रॅम. माझ्याकडे तो होता. जाहिरातीत कधी लागत नाही म्हणून फारसा उघडलेला नव्हता.

मी तो बँजोवर चढवला. पडद्यावर चार गोल बटणं आली. फिरण्याचा वेग किती, खोली किती, आवाज स्वतःत परत किती मिसळायचा आणि मूळ आवाज किती ठेवायचा. मध्यम वेग धरला आणि चाल सोडली.

मास्तर खुर्चीत पुढे सरकले. "आला! आला बगा!"

मुलीनेही मान डोलावली. मास्तरांनी मांडीवर ठेका धरला. अर्धं मिनिट आम्ही तिघं खूश होतो. मग मांडीवरचा ठेका थांबला.

"फिरतंय," मास्तर म्हणाले, "पन हे पंख्यावानी फिरतंय. यंत्र फिरतंय. मानूस न्हाई फिरवत."

वेग कमी केला, वाढवला. प्रत्येक वेळी दहा-बारा सेकंद बरं वाटायचं आणि मग पंखा सुरू व्हायचा. मी विचारलं, "डबीचा वेग किती ठेवायचा तुम्ही?"

"ठेवायचो कुठं? फिरवायचो."

"कधी?"

"सारखं."

"दोन्ही हात बँजोवर असताना?"

मास्तरांनी उजवा पाय उचलला आणि अंगठा हलवून दाखवला.

डबी बंद पडेपर्यंत इतकी वर्षं टेम्पोत बसून ते तिचं बटण पायाच्या अंगठ्याने फिरवत आले होते. वरात चालती असली की सावकाश. कोपऱ्यावर पोरं नाचायला थांबली की वेग चढवायचा. नवरदेवाचे मामा मध्ये आले की आणखी चढवायचा, कारण मामा फार वेळ नाचत नाहीत आणि तेवढ्यात उरकायचं असतं. हे त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं आणि त्यात सांगण्यासारखं काही आहे असंही त्यांना वाटलं नव्हतं. मुलगी जे ओळखत होती ते हे होतं.

स्टुडिओत आठ बटणांची एक छोटी पाटी आहे. तिच्यावरचं खरं बटण फिरवलं की पडद्यावरचं बटण फिरतं, आणि कोणत्या क्षणी किती फिरवलं ते रेकॉर्डही होतं. मी ती पाटी काढली, तिचं पहिलं बटण फेजरच्या वेगाला जोडलं आणि पाटी टेबलाखाली फरशीवर ठेवली. मास्तर चप्पल काढून पुढे आले आणि थबकले.

"पाय लावू?"

"लावा."

ते बाहेर नळावर जाऊन पाय धुऊन आले. पंच्याने पुसले. मग खाली वाकून पाटीला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि खुर्चीत बसून अंगठा बटणावर ठेवला. डबीलाही रोज असाच आधी नमस्कार असायचा, असं मुलीने मला हळूच सांगितलं. वाद्याला पाय लावायचा तर आधी माफी मागायची.

चाल सुरू झाली. मास्तरांनी डोळे मिटले. पाटीवरचं बटण डबीच्या बटणापेक्षा लहान होतं, त्यामुळे पहिल्या कडव्याला अंगठा दोनदा घसरला. तिसऱ्यांदा बसला. पडद्यावर वेगाची रेघ उमटत होती, कुठे लांबवर सपाट, कुठे एकदम चढ, कुठे अर्ध्यावरून परत खाली. मास्तर कोपऱ्यांची नावं घेत होते. "ही वेस... हितं पिठाची गिरन... हितं थांबत्यात..." गिरणीपाशी आवाज घोटाळत फिरू लागला तशी मुलगी भिंत सोडून सरळ उभी राहिली.

"आता डाव्या हाताला आमची गल्ली," ती म्हणाली. अंगठा वळला आणि आवाजही वळला.

चाळीस मिनिटं मास्तर गावातून चालले. संपल्यावर त्यांचा अंगठा लाल झाला होता. मुलीने डबा उघडला. भाकरी, मेथी आणि शेंगदाण्याची चटणी. आम्ही तिघांनी खाल्लं. जेवताना तिने विचारलं, "काका, तुमच्याकडे याआधी कुणी पायाने काम केलंय?"

"पेपरात असताना काही जणांचं वाचून तसा संशय यायचा," मी म्हणालो. मास्तरांना ठसका लागला.

ते गेल्यावर मी दोन दिवस त्या रेकॉर्डिंगवर काम केलं. काम उरलं नव्हतं, पण सोडवत नव्हतं. फेजरमध्ये एक सोय असते. डाव्या कानात आवाज वर चढत असताना उजव्या कानात तो खाली उतरतो. मी ती चालू केली. हेडफोनमध्ये बँजो डोक्याभोवती फिरायला लागला. मी तसाच ठेवला आणि खूप चांगलं झालं असं समजून शनिवारी फाइल पक्की केली.

रविवारी सकाळच्या एसटीने मी मास्तरांच्या गावी गेलो. उसाच्या कडेच्या मोकळ्या रानात टेम्पो उभा होता. दोन्ही बाजूंना भोंगे आणि मोठे स्पीकर. तात्या खुर्ची टाकून बसले होते, डोक्यावर टोपी, हातात काठी. ढोलकीवाला, दोन ताशेवाले, मास्तर, मुलगी आणि शेजारपाजारचे दहा-पंधरा लोक. लॅपटॉपची वायर टेम्पोच्या मशीनला जोडली आणि चाल सोडली.

बँजो वाजला. मोठा वाजला. फिरला मात्र नाही.

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मुलगी स्पीकरच्या जवळ गेली, परत मागे आली.

"अप्पा, तुमच्या आवाजाला इस्त्री कुणी केली?"

लोक हसले. तात्या हसले नाहीत. त्यांनी खिशातून मोबाईल काढून मांडीवर ठेवला. डीजेवाल्याचा नंबर त्यांच्याकडे होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

मी वायरी तपासल्या. आवाज वाढवून पाहिला. फेजर चालू होता, अंगठ्याची रेघ पडद्यावर जशीच्या तशी सरकत होती. पाच मिनिटं गेली. मग टेम्पोवाल्याला विचारलं, "या भोंग्यात आणि त्या भोंग्यात वेगवेगळा आवाज जातो का?"

"येगळा कशाला जाईल?" त्याला प्रश्नच विचित्र वाटला. "एकच वायर हाय. दोन्हीकडं सारखंच. न्हाईतर या बाजूच्या लोकांनी काय पाप केलंय?"

चूक माझी होती, आणि साधी होती. मी डावा आणि उजवा आवाज एकमेकांविरुद्ध फिरवले होते. टेम्पोवर ते दोन्ही एका वायरीत एकत्र झाले. एक चढत होता तेव्हा दुसरा उतरत होता आणि दोघांनी मिळून एकमेकांचं फिरणं भरून काढलं होतं. वर्तमानपत्रात पान पडद्यावर पाहून सोडायचं नाही, कागदावर काढून बघायचं, हे मी नव्या मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. हे रेकॉर्डिंग मी फक्त हेडफोनवर ऐकलं होतं.

प्लग-इन उघडला. ती सोय बंद करायला एक खटका होता. तो दाबला. आता दोन्हीकडे एकच आवाज, एकच फिरणं. अंगठ्याची रेघ तशीच राहिली. चाल पुन्हा सुरुवातीपासून सोडली.

यावेळी पहिल्या वळणालाच कळलं. आवाज भोंग्यातून निघाला, उसावरून सरकत गेला आणि परत आला. ढोलकीवाल्याने कुणी न सांगता ढोलकी गळ्यात अडकवली आणि ठेक्यात शिरला. मागून ताशे आले. वीस वर्षं मास्तरांना साथ करणाऱ्या त्या तिघांना, मास्तर टेम्पोत आहेत की लॅपटॉपमध्ये, याने काही फरक पडला नाही. ढोलकीवाला वाजवता वाजवता ओरडला, "मास्तर लॅपटॉपातच बरं! मदीच तंबाखू मळाया थांबत न्हाईत!"

"एवढंच करायचं होतं?" मुलीने मला विचारलं.

"एवढंच."

"मग मघापासून तोंड कशाला पाडलं होतं, काका?"

तात्यांनी पूर्ण चाल ऐकली. संपल्यावर मोबाईल परत खिशात ठेवला. "वाजवा," ते म्हणाले. "पन टेम्पो मांडवापासून पन्नास फुटांवर थांबवायचा. म्हाताऱ्या मानसांचे कान जात्यात."

लग्नाच्या दिवशी टेम्पोत मास्तरांच्या जागी मी बसलो होतो. मांडीवर लॅपटॉप, त्यावर ऊन लागू नये म्हणून टेम्पोवाल्याची टोपी. मारुतीपाशी नवरदेवाने नारळ फोडला आणि मी पहिली चाल सोडली. पिठाच्या गिरणीपाशी पोरं थांबली. बँजो तिथे आपोआप घोटाळला, कारण अंगठा तिथे घोटाळला होता. नवरदेवाचे मामा मध्ये आले. वेग चढला. मामा दीड मिनिटात बाजूला झाले. मला फक्त दोन वेळा थांबवून पुन्हा सुरू करावं लागलं. एकदा समोरून दुधाची गाडी आली म्हणून आणि एकदा नवरदेवाच्या घोड्याने पुढे जायला नकार दिला म्हणून.

मांडव दिसायला लागला तेव्हा 'शेवटची' सुरू झाली होती. दारात तात्या आणि मास्तर शेजारी शेजारी उभे होते. दोघांना एकाच कापडाचे फेटे. दोघांचे हात जोडलेले. टेम्पो सांगितल्याप्रमाणे पन्नास फुटांवर थांबला. नाचणारे पुढे सरकत मांडवाच्या तोंडाशी गेले. मी वरून पाहत होतो. मास्तरांचे हात अजून जोडलेले होते, पण डाव्या हाताची बोटं उजव्या हातावर बटणं दाबत होती. मग त्यांनी उजवी चप्पल काढली. मला वाटलं, अंगठा आपोआप बटण शोधतोय.

त्यांनी दुसरी चप्पलही काढली, तात्यांना मागे टाकलं आणि गर्दीत शिरले.

त्या पाच-सहा गावांतली झाडून सगळी माणसं आजवर मास्तरांसमोर नाचली होती. मास्तरांना नाचताना कुणी पाहिलं नव्हतं. ढोलकीवाल्याने पाहिलं आणि ठेका चुकला. मास्तरांचा चुकत नव्हता. ते दोन्ही हात पोटाशी धरून, बँजो धरतात तसे, जागच्या जागी पाय टाकत होते. आवाज फिरला की फिरत होते. सावकाश फिरला की सावकाश, वेग चढला की वेगाने. पुढे काय होणार ते त्यांच्याएवढं कुणाला माहीत नव्हतं.

"नवरी बाहेर आली!" कुणीतरी ओरडलं.

ती घराच्या ओट्यावर उभी होती. मुंडावळ्या बांधलेल्या, एका हातात हिरवा चुडा भरलेला, दुसरा हात अजून मोकळा. कासार मागून बांगड्या घेऊन धावत आला होता.

"अप्पा, हात वर!" ती ओरडली. "हात सोडा! आज बँजो नाही हातात!"

मास्तरांनी वर पाहिलं आणि हात सोडले. आधी एक, मग दुसरा.

"आगं, तू आत जा!" तात्या तिच्यावर ओरडले.

"तात्या, तुम्ही आत जा! नाचायला!"

लोकांनी तात्यांना काठीसकट आत ओढलं. त्यांनी काठी वर धरली आणि तिथेच चार पावलं टाकली. त्यांचा फेटा एका बाजूला कलला तो मास्तरांनी नाचता नाचता सरळ केला.

चाल संपली. मास्तर घामाघूम होऊन टेम्पोकडे वळले आणि मला बोटाने खूण केली, परत. भटजींनी मांडवातून घड्याळ दाखवलं. मी दोघांकडे पाहिलं आणि 'शेवटची' मागे नेऊन पुन्हा सोडली.

मुहूर्त बारा पस्तीसचा होता. अक्षता बारा एक्कावन्नला पडल्या.